पुसलेली तीट

वरठी, मंगळवार, संध्याकाळ

नामदेवभाऊंना फोन केला ते फार बरं झालं. नाहीतर काट्यावरची वजनं सर्व्हरला पाठवणारी धडधाकट स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाचा छोटा प्रोग्राम, मीच मोडली असती, आणि उद्या राईस मिलच्या काट्यावर धानाच्या गाड्या लागल्यावर वजनांची नोंद सर्व्हरवर गेलीच नसती.

निवृत्त होताना भाऊंनी ती माझ्या हाती दिली. मागल्या आठवड्यात मी तिची साफसफाई केली. एका ओळीत नुसतं #, म्हणजे पुढचं संगणकाने वाचायचंच नाही, आणि पुढे एकटं अवतरणचिन्ह. कामाचं काही नाही, म्हणून खोडलं. कचरा मला खपत नाही.

आज एडिटरमध्ये उघडली तर अर्ध्यापासून खाली सगळं हिरवं, एडिटर अवतरणातल्या मजकुराला देतो तो रंग! चालवली तर नीट चालते. मग हिरवं काहून? वरच्या ओळी नव्याने लिहायलाच बसलो होतो. पण हात थांबला. अड्याळला, भाऊंच्या घरी फोन लावला.

भाऊ हसले. "वरचं एक अवतरणचिन्ह एडिटरले समजत नाही. त्याले वाटते, मजकूर उघडाच राहिला. म्हून खाली एक देऊन ठेवलं. तीट होती गा ते! काहून पुसली?"

"मले कचरा वाटला, भाऊ."

"लेकराच्या गालावरची तीट लेकराच्या कामाची असते का? पाहणाऱ्यासाठी असते."

चिन्ह परत ठेवलं. सगळे रंग जागच्या जागी.

मी सगळं स्वतःच शिकलो, असं सांगत फिरतो. खरंही आहे. पण ते एकटं चिन्ह? नंतर कोण येणार हे माहीत नसताना भाऊंनी माझ्या डोळ्यांसाठी ठेवलेलं.

त्याच्यापुढे आज लिहिलं: तीट आहे, पुसू नये.