गाडीची उंची

वारजे, शनिवार संध्याकाळ

नेव्हिगेटर आणला एकदाचा. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने आधी विचारलं, "फोन नाही का तुमच्याकडे?" आहे ना! त्याच फोनने गेल्या महिन्यात आमची झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली कॅम्पर गाडी रेल्वेच्या बुटक्या पुलाखाली नेली आणि टपावरची पाण्याची टाकी फुटली. तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद, "विकून टाकू." निवृत्तीनंतर एवढ्या हौसेने बांधून घेतलेली गाडी एका पुलापायी विकायची? मुळीच नाही.

या यंत्रात गाडीची उंची भरली की ते बुटके पूल टाळून रस्ता दाखवतं. दुकानदार म्हणाला, "उंची किती?" मी म्हटलं, "पाच फूट एक."

"तुमची नव्हे काकू, गाडीची."

हसलासुद्धा नाही मेला. पण मला गाडीची उंची कुठे ठाऊक होती? आजवर आम्ही कधी मोजलीच नव्हती!

घरी येऊन कपडे वाळत घालायची लांब काठी गाडीला उभी लावली, नव्या टाकीच्या माथ्यापाशी खूण केली आणि मग काठी मोजली. हे गॅलरीतून बघत होते. विकायचंच डोक्यात असणार, दुसरं काय?

आत्ता मी खाली गेले तर काठी गाडीत, सीटशेजारी नीट बांधून ठेवलेली.

"अहो, ही इथे कशाला?"

"तुझं यंत्र चुकलं तर? पुलाआधी मी उतरून काठी धरीन."

बरं. कपडे उद्यापासून खुर्च्यांवर वाळतील.