‘रिसीव्ह’चं स्पेलिंग

प्रिय ठोंब्या,

तुझी मेल मिळाली. तिला हातानं लिहिलेल्या पत्रानं उत्तर देतेय म्हणून हसू नकोस. हातानं लिहिलं की राग जरा हळू चालतो, एवढंच. आई बरी आहे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधते, ते चालूच आहे. तुझ्या मेलच्या दुसऱ्याच दिवशी आजोबांचंही पत्र आलं. आजोबा म्हणजे आपली कॉम्प्युटरची सिस्टीम लिहिणाऱ्या मंडळींतले सगळ्यांत जुने, ज्यांच्या शब्दाशिवाय तिच्यात एक स्वल्पविराम हलत नाही, ते. त्यांनी विचारलंय, तुझ्या भावाला तुझ्या जोडीनं तू लिहिलेला तो ड्रायव्हर सांभाळायचाय, त्याला तुझ्याइतकं कोण ओळखतं, शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळव. मला खूप आनंद झाला होता. हे मुद्दाम आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुला ते खरं वाटणार नाही.

आत्या आठवते ना? मी ड्रायव्हर लिहिते म्हटल्यावर तिनं सगळ्या गल्लीत सांगितलं होतं, आमची पोरगी ड्रायव्हर झाली. समोरच्या काकांनी तर मला स्टेशनवर सोडशील का म्हणून विचारलंही. मग तू आत्याला बसवून समजावलंस. कॉम्प्युटरात एक नेटवर्कचं कार्ड असतं, तारेतून येणारं-जाणारं सगळं त्यातून जातं. त्या कार्डाला फक्त स्वतःची भाषा कळते आणि सिस्टीमला स्वतःची. ड्रायव्हर म्हणजे दोघांमधला दुभाषी. आत्या म्हणाली, मग तसं म्हणा ना मेल्यांनो. तेव्हा मला वाटलं होतं, हा पोरगा माझं काम माझ्यापेक्षा बरं सांगतो. अजूनही तसंच वाटतं.

नकाशांच्या ऑफिसात त्या आठ मशीनवर आपली सिस्टीम मी माझ्या शब्दावर बसवली होती. जगभरचे लोक हौसेनं लिहितात, कुणाच्या मालकीची नाही, युनिक्स ह्या नावाजलेल्या सिस्टीमच्या घराण्यातली आहे, दगडासारखी टिकेल, असं साहेबांना छातीठोक सांगितलं होतं. आणि महिन्याभरात नकाशे अर्ध्यावर थांबायला लागले. छोट्या चिठ्ठ्या-चपाट्या सुरळीत जायच्या. मोठा नकाशा पाठवला की कार्ड घुसमटायचं. मग ते बोलायचं, पण त्याला ऐकू यायचं नाही. आई म्हणाली होती, म्हणजे तुमच्या बाबांसारखं. आपण किती हसलो होतो. ऑफिसात मात्र कुणी हसत नव्हतं. छापलेल्या कागदावर नदी मधेच तुटायची, खाली कोरा पांढरा कागद, आणि थोरले नकाशेकार तो कागद न बोलता माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. त्यांनी एकदा ओरडावं असं मला फार वाटायचं.

चौदा महिने, ठोंब्या. कार्ड बनवणाऱ्या कंपनीला मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर, आमच्या माहितीत असा कोणताही दोष नाही. तू तर त्याच कंपनीत नोकरीला होतास. सहाव्या महिन्यात मी तुला एकदाच विचारलं, पुन्हा विचारून तुला अवघडवायला नको म्हणून एकदाच, की तुमच्याकडे ह्या कार्डाचे काही कागद आहेत का रे? तू म्हणालास, “आमचा विभागच वेगळा गं ताई, ते कागद आमच्या नजरेलाही पडत नाहीत.” आणि म्हणालास, केबल बदलून बघ. मी आठही टेबलांखाली शिरून केबल बदलल्या. एका रविवारी तूही आलास मदतीला. मी गुडघ्यांवर रांगत होते आणि तू टॉर्च धरून उभा होतास. डाव्या गुडघ्याला खिळा लागला, त्याचा वण आहे अजून. तूच पट्टी बांधलीस.

पुढचं तुला माहीत आहे. साहेबांनी हात टेकले, जुनी सिस्टीम परत आणली आणि मला खाली रेकॉर्डच्या खोलीत पाठवलं. गुंडाळ्या झाडायच्या, नंबर लावायचे. निरोप द्यायलाही कुणी वर बोलावलं नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, घरच्या टेबलावर मला ते सापडलं. कार्डात काही खाने असतात, त्यांत आकडे टाकून त्याला हुकूम द्यायचे. कार्ड घुसमटलं की अठ्ठाविसाव्या खान्यात एक टाकायचा आणि दहा मायक्रोसेकंद थांबायचं, म्हणजे सेकंदाचा एक लाखावा भाग. ते पुन्हा ऐकायला लागतं. मी खुर्चीवर चढून नाचले. तू चहा घेऊन आलास, मी लिहिलेलं पाहिलंस आणि म्हणालास, ह्या खान्याला काहीतरी नाव दे की. तूच वाकून टाइप केलंस, ‘रिसीव्ह स्टॉल क्लिअर’. आणि ‘रिसीव्ह’मध्ये ‘ई’च्या आधी ‘आय’ घातलास. मी तुझी केवढी टर उडवली! शाळेत स्पेलिंगची ढाल मिळवणारा, आईच्या सामानाच्या यादीतल्या वेलांट्या सुधारणारा तू. तू लाल झालास आणि म्हणालास, हात घसरला, राहू दे. मग मी वर एक टीप लिहिली, दहा मायक्रोसेकंद थांबावं लागतं, का ते माहीत नाही.

ते चुकीचं स्पेलिंग मी अकरा वर्षं जपलं. कुठल्या तरी देशातला एक निवृत्त मास्तर ते सुधारून पाठवायचा, पाच वेळा पाठवलं त्यानं, आणि पाचही वेळा मी गोड बोलून परत केलं. माझ्या भावाच्या हातचं आहे, म्हणायचे.

आजोबांच्या पत्रानंतर वाटलं, तू येतोयस तर ड्रायव्हरचं घर जरा आवरून ठेवावं. ती ‘माहीत नाही’ची टीप मला नेहमीच खुपायची. कंपनीनं ते कार्ड आता बंद केलंय आणि जुने कागद सगळ्यांसाठी उघडे केलेत, हे कानावर आलं होतं. म्हटलं, कारण शोधून नीट लिहून ठेवू, ठोंब्याला तेवढीच भेट. पान त्रेचाळीस. वर लिहिलंय, ‘ज्ञात दोष, फक्त अंतर्गत वापरासाठी’. खाना अठ्ठावीस, दहा मायक्रोसेकंद. नाव, ‘रिसीव्ह स्टॉल क्लिअर’. ‘ई’च्या आधी ‘आय’. तारीख, मी शोधायला लागले त्याच्या दुसऱ्या महिन्यातली.

दोन दिवस मी तुझी वकिली केली. योगायोग असेल, म्हटलं. पण तीन शब्दांचं नाव तेच, आणि चूक त्याच अक्षरात? कंपनीतला कुणीतरी घाईत चुकला आणि तू पान इतक्यांदा वाचलं होतंस की तुझी बोटं त्याच्या चुकीसकट ते बोलून गेली. तुझा हात नव्हता घसरला रे. तोंड घसरलं होतं.

तू गुप्ततेच्या कागदावर सही करून बसला होतास, बोललास तर नोकरी जाणार होती, हे मला कळतं. मी काय कुक्कुलं बाळ नाही. “ताई, मला माहीत आहे पण सांगता येत नाही,” एवढं म्हणाला असतास ना, तर मी तुझ्याकडे एक अक्षर मागितलं नसतं. माझी खुर्ची तेव्हाही गेली असती आणि मी जगाला सांगत फिरले असते, माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे. मूग गिळून बसलास, तेही गिळलं असतं मी. पण तू मला केबल बदलायला लावल्यास. जिथे काही सापडणार नाही हे तुला माहीत होतं, तिथे तू माझ्यासाठी उजेड धरून उभा राहिलास. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. त्या टॉर्चच्या पुढे माझा विचार जात नाही. तेव्हा तू माझ्या पाठीकडे बघत होतास, तर काय वाटत होतं तुला? खरंच सांग कधीतरी. आत्ता नको.

तर हे पत्र का, ते सांगते. आजोबांना मी हो कळवलंय. जोडीनं नाही, सगळाच ड्रायव्हर तुझा. तुला ते काम माझ्यापेक्षा बरं येतं, आणि त्यावर विसंबलेल्या लोकांनी आपलं काही बिघडवलेलं नाही. माझं नाव मी काढून घेतलं. जाताना दोन बदल केलेत, ते शुक्रवारी सगळ्यांना दिसतील. दुसऱ्या कुणाच्या कागदावरून आपल्या माणसाबद्दल कळणं काय असतं, ते मला आता माहीत आहे. म्हणून तुला आधी सांगतेय. पहिला बदल, ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग सुधारलं. मास्तरांना तसं कळवलंही. दुसरा, ती टीप. आता तिथे लिहिलंय, दहा मायक्रोसेकंद थांबावं लागतं, का ते माझ्या भावाला माहीत होतं. तुला ती पुसायची असेल तर पूस, तो हक्क आता तुझाच आहे. फक्त आपल्याकडे कुणी काय पुसलं आणि कधी, त्याचीही नोंद राहते, आणि ती कुणालाच पुसता येत नाही.

अजून तरी तुझीच,
ताई