पॉपराइज या क्रियापदाचा कर्ता

४ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा खोकला गेला का? पत्रात खोकत नाहीस म्हणून मी फसणार नाही, डॉक्टरकडे जाऊन ये.

एक काम आहे. दोन महिन्यांपूर्वी मी कारागिरांच्या एका मदत निधीकडे अर्ज केला होता. काय मागितलं ते सांगत नाही, मिळालं असतं तर एकदम दाखवून तुझी बोलती बंद करणार होते. परवा उत्तर आलं, इंग्रजीत, चार ओळींचं. 'रिग्रेट' दिसलं तेव्हाच पुढचं कळलं. पण त्यात एक शब्द आहे, पॉपराइज. मदत केली तर अर्जदार पॉपराइज होईल, असं काहीसं. मला वाटलं पेपरशी संबंध असावा, माझ्यासारख्या बुकबाइंडरला शोभेलसा. पण माझ्या छोट्या डिक्शनरीत तो नाहीच. जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलंस, आता बहिणीला एवढा एक शब्द सांग. शालजोडीतला असला तरी सांग.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी
सुई


९ जून

चि. सुई हिस,
अ. उ. आ.

खोकला बरा आहे.

पॉपराइज हे सकर्मक क्रियापद आहे. पॉपर म्हणजे लोकांच्या दानावर जगणारा कंगाल माणूस. एखाद्याला त्या अवस्थेला नेणं म्हणजे पॉपराइज करणं. इम्पॉव्हरिशशी गल्लत करू नकोस. सारखं पीक घेऊन जमिनीचा कस गेला तर तिथे इम्पॉव्हरिश चालतं. पॉपराइज व्हायला माणूसच लागतो. बोलण्यात हा शब्द येत नाही, अहवालात आणि ठरावात सापडतो. आणखी एक छटा आहे. एखाद्याचं काढून घेऊनच नाही, तर त्याला देत राहूनही त्याला पॉपराइज करता येतं. आयतं मिळत गेलं की कष्टाची सवय मोडते, असा त्यामागचा विचार.

तेव्हा त्या वाक्यात अपमान नाही, उलट तुझ्या स्वावलंबनाची काळजीच आहे. मनाला लावून घेऊ नकोस. कटिंग मशीन काय, आज ना उद्या येईल. तोवर अंगठ्याला जप.

माझा लोभ तू गृहीत धरतेस, तसाच धरत राहा.

तुझा
दादा


१५ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि.

अर्थ चोख सांगितलास. मास्तरकी अजून शाबूत आहे.

फक्त मी कटिंग मशीन मागितल्याचं तुला लिहिलं नव्हतं. ते अर्जात होतं, आणि अर्ज त्या निधीच्या ऑफिसात होता. हल्ली कुठल्याशा संस्थेची कागदपत्रं बघून देतोस, असं तू माझ्याकडे आला होतास तेव्हा मला सांगितलं होतंस. नाव सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

आता माझं ऐक. ग्रंथालयाची तीनशे पुस्तकं शिवून पडली आहेत. कडा कापायला ती प्रेसमध्ये न्यावी लागतात, तिथे आठ-आठ दिवस नंबर लागत नाही. हाताने कापायला अंगठा वळत नाही. महिनाअखेर पुस्तकं दिली नाहीत तर ते काम दुसऱ्याकडे जाईल, आणि त्या कामावरच दुकान चालतं. मी बसून खायला मागितलं नव्हतं रे, काम करायला मागितलं होतं. त्याला तुझ्या भाषेत कुठलं क्रियापद आहे ते बघ.

त्या इंग्रजी पत्रात 'असे ठरवण्यात आले आहे' अशा अर्थाची रचना आहे. सकर्मक म्हणालास. कर्म मी, हे कळलं. कर्ता कोण?

फार राग आला आहे. लोभाचं नंतर.

सुई


२० जून

चि. सुई हिस,
अ. उ. आ.

कर्ता मी.

तुझा अर्ज माझ्यासमोर आला तेव्हा सभेत मला म्हणता आलं असतं की ही माझी बहीण आहे, मी बाहेर बसतो. म्हणालो नाही. भावाने बहिणीची सोय लावली असं कोणी म्हणेल, याची धास्ती वाटली. त्या धास्तीला मी तत्त्व म्हणालो, आणि तत्त्वाला साजेसा भारदस्त शब्द मला येत होता. तुमच्या गल्लीतून त्या दिवशी तीन अर्ज होते. तुझा एकटीचा नाकारला तर उठून दिसला असता, म्हणून तिघांनाही तेच वाक्य पाठवलं. बाकीच्यांनी मान डोलावली.

तो शब्द तू मला विचारलास तेव्हाही मी व्याकरणाआड लपलो. याची मला लाज वाटते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सभा आहे. सगळं सांगून राजीनामा देतो, म्हणजे तुझा अर्ज दुसरं कोणी बघेल.

आशीर्वाद लिहावा की नाही ते ठरेना, तरी लिहिला आहे.

तुझा
दादा


२६ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि.

राजीनामा नंतर दे. आधी तिन्ही अर्ज पुन्हा टेबलावर आण आणि माझ्या वेळी बाहेर जाऊन बस.

माझं या महिन्याचं निभेल. प्रेसवाल्याशी भांडले, तो रोज सकाळी एक तास मशीन मोकळं ठेवणार आहे. राग गेलेला नाही, पण तू खरं लिहिलंस याचं बरं वाटलं.

राहिले ते दोघे. इस्त्रीवालीने इस्त्रीचं मोठं टेबल मागितलं होतं आणि चप्पल शिवणाऱ्याने शिलाई मशीन. दोघांनाही इंग्रजी येत नाही. तुझ्या निधीचा कागद छापील आहे, वर शिक्का आहे, म्हणून मंजुरीच आली असं समजून त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. तिने जुनं टेबल विकूनसुद्धा टाकलं. काल दोघं कागद घेऊन माझ्याकडे वाचून घ्यायला आले.

मी वाचला नाही. लिहिणारा माझा भाऊ आहे, रविवारी येऊन तोच वाचून दाखवेल, असं सांगितलं आहे. दोघं खूश होऊन गेले.

पहिल्या गाडीने ये. लोभाचं समोरासमोर बघू.

तुझी
सुई