ट्रॉय हॅगर्टीचा डावा पाय

१ ऑगस्ट १९७४, गुरुवार

मोडला! ट्रॉयचा पाय मोडला त्या नालायकाने! गुरुवारच्या कुस्तीत, भर हॉलमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या खुर्चीपासून चार हातांवर!

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे. पंच पाठ फिरवून उभा होता, नेहमीसारखा. या पंचाला रिंगमधलं सगळं दिसतं, फक्त गुन्हा तेवढा दिसत नाही. रेक्स डेलमारने लोखंडी खुर्ची आत ओढली, ट्रॉयचा डावा पाय तिच्यात अडकवला आणि वरच्या दोरावर चढून धाडकन उडी मारली. कडकन आवाज झाला. मी ऐकला. पोराला स्ट्रेचरवरून नेलं. जाता जाता त्याने आमच्या रांगेकडे बघून हात वर केला. अशा स्थितीतही!

आणि तो रेक्स — रंगवलेले पिवळे केस, अंगात जांभळा झगा — माइक घेऊन म्हणतो कसा, "टेनेसीकरांनो, उद्या याच्या पायाचं सूप करा. नाहीतरी तुमच्या घरात दुसरं काय असतं?"

थांब म्हणावं. माझं नाव व्हर्ना आहे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

शर्टांच्या कारखान्यात सहा कॉलर उलट्या शिवल्या. मुकादम म्हणाला, "व्हर्नाबाई, त्या नाटकासाठी जीव काय जाळता? सगळं खोटं असतं ते."

मी म्हटलं, "तुमच्या कवळीइतकं?"

बायका तोंडात कापड कोंबून हसल्या. दिवसभर माझ्या मशीनकडे फिरकला नाही मेला.

संध्याकाळी क्लाइडला सगळी कुस्ती पहिल्यापासून सांगितली. माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी लाकडाच्या गिरणीत त्याचा पाय गुडघ्यापासून गेला, तेव्हापासून माझ्याकडेच असतो. हॉलमध्ये येत नाही — लोक वळून बघतात म्हणतो. मी येऊन सांगते, तो डोळे मिटून ऐकतो. खुर्चीचं आलं तशी त्याने आपली मांडी घट्ट धरली. "पुढे सांग, ताई," म्हणाला, पण मलाच सांगवेना.

४ ऑगस्ट, रविवार

प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबुवांनी विचारलं, कुणासाठी काही मागायचंय का. मी उठले. "ट्रॉय हॅगर्टीच्या डाव्या पायासाठी."

पाद्रीबुवा जरा चाचरले. "व्हर्नाताई, कुस्तीतला ना तो?"

"देवाला कुस्ती चालते. याकोब रात्रभर देवदूताशी लढला, वाचा तुमच्याच पुस्तकात!"

आणि तेव्हा क्लाइड उभा राहिला. कुबड्यांवर, हळूहळू, सगळ्यांसमोर. स्वतःच्या पायासाठी तो कधी उठला नव्हता. म्हणाला, "पाय नसला की माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. पोर तरणं आहे. त्याच्यासाठी मागू या." मग अख्खं देऊळ उठलं. ब्लँचार्डांची म्हातारी तर हुंदके देऊन रडली. इतकी प्रार्थना आमच्याकडे दुष्काळातही झाली नव्हती.

६ ऑगस्ट

क्लाइडने आपल्या चांगल्या कुबड्या ट्रॉयला पाठवल्या. हिकरीच्या चिवट लाकडाच्या, स्वतः तासून केलेल्या, काखेत मऊ कातडं लावलेल्या. अख्खा हिवाळा गेला होता त्यांत. मी म्हटलं, "अरे, आणि तू?"

"माझ्या जुन्या आहेत की, दवाखान्याच्या. त्याची काख दुखली तर सराव बुडेल."

हॉलच्या तिकीटवालीकडे नेऊन दिल्या. क्लाइडने चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही, लाजतो. जुन्या कुबड्यांनी दिवसभरातच त्याची काख सोलली आहे, मी बघितलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला म्हणे. हॉलमध्ये कुणी तरी मध्येच ओरडून सांगितलं. मागून उत्तर आलं, "रेक्स कधी देतोय ते सांग!"

१० ऑगस्ट, शनिवार

टीव्हीवरचा सकाळचा कुस्तीचा कार्यक्रम. नाश्ता तसाच राहिला.

ट्रॉय आला. पायाला प्लास्टर. आणि काखेत — क्लाइडच्या कुबड्या! क्लाइड पडद्याला नाक लावून बघतो. "ताई, कातडं बघ! माझंच कातडं!" दोन वर्षांत त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता. ट्रॉय म्हणाला, तुमच्या प्रार्थनांच्या जोरावर मी उभा आहे.

एवढ्यात मागून तो आला. जांभळा झगा. एक कुबडी हिसकावली आणि ट्रॉयच्या पाठीत घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मोडली. मग दुसरी. पंच नाही, पोलीस नाही, कार्यक्रम चालवणारा माणूस नुसता "अहो, अहो" करतोय!

मी टीव्हीवर चप्पल फेकली. क्लाइड म्हणाला, "तीन फटके टिकली. बाजारची असती तर पहिल्याला गेली असती."

आणि आपल्या खोलीत गेला. सुटीच्या दिवशी, भर सकाळी, दार लावून.

११ ऑगस्ट, रविवार

देवळात पाद्रीबुवा क्षमेवर बोलले. माझ्याकडे का बघत होते कोण जाणे. क्षमा करायला माझी हरकत नाही, आधी त्याला झोपवून घेते!

लोक म्हणतात कुस्ती कुस्ती, पण कुस्ती म्हणजे काय हे उत्तरेतल्यांना विचारूच नये. तिकडे दोन धिप्पाड गडी एकमेकांना मिठ्या मारतात, घंटा वाजली की केस विंचरतात. त्याला आम्ही नाच म्हणतो. आमच्याकडे कपाळ फुटतं. फुटलेल्या कपाळाने माणूस उठतो, पाय आपटतो, मुठी आवळतो, आणि तेव्हा अख्खा हॉल त्याच्यासोबत उठतो. आठवडाभर कारखान्यात मान खाली घालून काढलेल्या माणसांनी एक दिवस वर बघायचं असतं. त्यासाठी आम्ही जातो.

आणि कायदा आहे. चांगले पुढच्या दाराने येतात, वाईट मागच्या. एका खोलीत कपडे बदलत नाहीत, एका टेबलावर जेवत नाहीत, एका गाडीत तर मेले तरी बसणार नाहीत. माझ्या बापाच्या वेळेपासून हे असंच आहे. देवळात इतके नियम कुणी पाळत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

केलं!

आमच्या पहिल्या रांगेतल्या बायका टोपीला लांब पिन उगाच लावत नाहीत. रेक्स माझ्यासमोरून दोर धरून चालला होता, मांडी अगदी हाताशी. अर्धी आत गेली. असा किंचाळला! पांढऱ्या पॅन्टवर लाल ठिपका. ही कुबडीची. पायाची अजून बाकी आहे.

पोलीस धावत आला. "व्हर्नाबाई, पुन्हा असं केलंत तर बाहेर काढावं लागेल." पिन जप्त केली, पण हसू दाबत होता. त्याची आईही टोचायची, तिच्या काळात.

क्लाइडला सांगितलं. हसला. पण लगेच विचारतो, "ट्रॉयचं काही कळलं?"

१७ ऑगस्ट

टीव्हीवर जाहीर झालं. ट्रॉय मेम्फिसच्या इस्पितळातून येत्या गुरुवारी खास आमच्या गावाला भेटायला येणार, आणि २९ तारखेला रेक्सशी शेवटची लढत. डॉक्टर नको म्हणत असताना!

गुरुवारी काहीतरी मोठं करायचं. पिन झाली. आता त्याची गाडी.

२२ ऑगस्ट, गुरुवार

जसं घडलं तसं लिहिते.

अर्धी सुटी घेतली. चारच्या सुमाराला हॉलच्या मागे जाऊन बाटल्यांच्या खोक्यांआड बसले. बर्फ फोडायचा टोच्या पिशवीत. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रेक्सची पांढरी गाडी आली. तो उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि मागच्या दाराने आत गेला. मी वाकून गेले आणि पुढच्या चाकात टोच्या घातला. मग मागच्या. हवा अशी सुटली की मला गाणं म्हणावंसं वाटलं!

गाडी एका बाजूला कलली. आणि आतून आवाज आला, "अरे, काय झालं रे?"

मागच्या सीटच्या पायाशी घोंगडी होती. ती हलली. तिच्यातून ट्रॉय हॅगर्टी उठला, घामाने निथळलेला. दार उघडून उतरला. दोन्ही पायांवर. प्लास्टर नाही, पट्टी नाही, काही नाही. चाक बघितलं, एक शिवी हासडली आणि चाकाला सणसणीत लाथ मारली.

डाव्या पायाने.

मी तोवर गाडीच्या मागे सरकून बसलेली. रेक्स दार उघडून बाहेर आला. "आत हो ना गाढवा, कुणी बघेल!"

"भाजून निघालो आत. पुढच्या वेळी तू झोप खाली. आणि पाठ अजून दुखतेय माझी. साल्या, स्टुडिओतल्या पोकळ कुबड्या ठरल्या होत्या ना?"

"मला काय माहीत तू दुसऱ्याच घेऊन येशील!"

"दारात पडल्या होत्या, उचलल्या. कुण्या खुळ्याने पाठवल्या असतील. ही गावं म्हणजे!" आणि हसला. टीव्हीवर हसतो तसाच, गालाला खळी पाडून.

मी उभी राहिले. ठरवून नाही, पाय आपोआप सरळ झाले. हातात टोच्या.

दोघांनी वळून बघितलं. मग रेक्सचा चेहरा क्षणात बदलला, डोळे वटारले, आणि तो गरजला, "ए म्हातारे! मी याला इस्पितळातून पळवून आणलाय! जा, सांग जा पोलिसांना! रेक्स डेलमार कुणाला भीत नाही!" ट्रॉयची मानगूट धरली त्याने. मी टोचलेली मांडी अजून जड होती त्याची, एका बाजूला झुकून उभा होता. पण आपलं काम करत होता.

ट्रॉय लगेच लंगडायला लागला. उजव्या पायाने.

मी त्या पायाकडे बघत राहिले. त्याच्याही लक्षात आलं. पाय बदलला. मग रेक्सचा हात झटकून जवळ आला, अगदी गोड आवाजात, "मावशी, तुम्ही नेहमी पहिल्या रांगेत असता ना? आपली माणसं तुम्ही. काही पाहिलं नाहीत, काय? फोटो देतो, सही करून देतो." खिशातून काढला, सही केली, पुढे धरला.

मी घेतला. हात गेला पुढे! चौदा वर्षं या लोकांसाठी घसा फोडलेला हात, तो गेला पुढे. त्याच्यापेक्षा माझ्याच हाताचा राग येतोय.

संध्याकाळी हॉलमध्ये तो प्लास्टर घालून आला. पुढच्या दाराने. बायका रडत होत्या.

२३ ऑगस्ट

क्लाइडला म्हटलं, डोकं दुखतंय, उद्या सांगेन. फोटो चुलीत घातला.

२४ ऑगस्ट

खोटं आहे म्हणून राग नाही. मुकादम काय सांगणार मला? इतकी वर्षं मला काही कळत नव्हतं थोडंच. कळतं आणि कळूनही उठून उभं राहायचं असतं. रेक्सने ते केलं. ऊन, फुटकं चाक, समोर एक म्हातारी, तरी तो रेक्सच राहिला. त्याने मला मूर्ख मानलं नाही, प्रेक्षक मानलं.

पण तो दुसरा! कुण्या खुळ्याने पाठवल्या असतील म्हणे. क्लाइडची काख अजून चिघळलेली आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

पाद्रीबुवांनी आज देवाचे आभार मानले. ट्रॉयचा पाय जुळून आला म्हणून. अख्खं देऊळ आमेन म्हणालं. मी दात आवळून बसले.

येताना क्लाइड म्हणाला, "ताई, माझ्या वेळी नाही ऐकलं देवाने. मला वाटायचं ऐकतच नाही तो. पण ऐकतो बघ. त्या पोराचं तरी ऐकलं." आणि आभाळाकडे बघून हसला.

काय सांगू याला? सांगितलं तर देवही जाईल आणि गुरुवारही जाईल. नाही सांगत. पण त्या खळीवाल्याला सोडणार नाही. अख्ख्या गावात मी एकटी उरले तरी चालेल.

२८ ऑगस्ट

क्लाइडला विचारलं, येतोस का उद्या, शेवटची लढत आहे. नको म्हणाला, लोक बघतात. बरं झालं, म्हटलं मनात.

२९ ऑगस्ट, गुरुवार

ट्रॉय आला तेव्हा अख्खा हॉल उभा होता, छप्पर उडेल असा आरडाओरडा. तो खाली पडला, रेक्सने त्याचा डावा पाय धरला, सगळे श्वास रोखून गप्प झाले. तेवढ्यात मी खुर्चीवर चढले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मोड, रेक्स! आज खरा मोड!"

मागून कुणीतरी माझ्या डोक्यावर कोकची बाटली रिकामी केली, आमच्याकडे तिच्यात टाकतात त्या शेंगदाण्यांसकट. वळून बघितलं. क्लाइड होता.