माझ्या समुद्रात सिमेंटचा ऑक्टोपस नको

गेल्या रविवारी ऑक्टोपसच्या जत्रेत माझ्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून सगळे गाव एक मिनिट उभे राहिले. मी तिसऱ्या रांगेत होते. हे मृत्युपत्र लिहायचे कारण एवढेच.

मी, जलीला बिन्त सालिम, वय एकाहत्तर, अविवाहित, निसर्गशास्त्राची निवृत्त शिक्षिका, राहणार अत्ताया, केर्केना बेट, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मी जिवंत आहे हेही नोंदवते, कारण त्याबद्दल गावात दुमत आहे.

त्या दिवशी मीही उभी राहिले. शिस्त ती शिस्त. शेजारी जत्रेचा अध्यक्ष हम्मादी होता, माझाच विद्यार्थी.

"अरे हम्मादी, मी इथे आहे."

"बाई, हलू नका," तो कुजबुजला. "वीस सेकंद राहिलीत."

मग माझा भाचा मुन्सिफ डोळे पुसत व्यासपीठावर चढला. दिवंगत आत्याच्या समुद्रात वीस फुटी सिमेंटचा ऑक्टोपस उभारू, ही तिची शेवटची इच्छा होती, असे त्याने जाहीर केले. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर त्याला गाठले.

"माझी असली इच्छा कधी होती रे?"

"आत्या, तू आठवडाभर दिसली नाहीस!"

"सर्दी झाली होती."

"मग कळवायचंस ना! लोकांनी तुझ्या नावाचा कुसकुस खाल्लाय. आता काय परत मागू?"

माझा समुद्र म्हणजे आजोबांपासून आमच्या नावावर असलेला उथळ पाण्याचा तुकडा. दर शरदात तिथे खजुराच्या झावळ्यांचा कूड रोवायचा; ओहोटीला मासे त्याच्या कडेकडेने आपणच सापळ्यात येतात. मुन्सिफने वीस वर्षांत पाय ओला केलेला नाही. कूड रोवते त्याची बहीण लामिया. पण कायद्याने भावाचा मुलगा वारस, मुलगी नाही. आणि मृत्युपत्राने मला मालमत्तेच्या फक्त एक तृतीयांशाबद्दल बोलता येते. म्हणून पुढीलप्रमाणे.

घर मुन्सिफला. छत गळत नाही असे मी मानते. पाऊस पडला तर खात्री करून घ्यावी. टाक्यातले पाणी काठीने मोजूनच काढावे. तो दिवसातून दोनदा अंघोळ करतो, हे मला ठाऊक आहे.

कपडे वाळत घालायची दोरी शेजारीण मबरूका हिला. तीस वर्षे ती या दोरीवर ऑक्टोपस वाळवते आहे. माझ्या एकाही झग्याला कधी साबणाचा वास आला नाही.

हम्मादीला त्याची सहावीची उत्तरपत्रिका परत द्यावी. ऑक्टोपसला हृदये तीन असतात. त्याने आठ लिहिली आहेत.

खजुराची चार झाडे लामियाला. फळ बेचव, झावळ्या उत्तम.

समुद्र मृत्युपत्रात घालत नाही. तो जिवंतपणीच लामियाला बक्षीस देत आहे. नोटरी ताहर यांनी हरकत घेतली: "बाई, रविवारी तुमच्यासाठी मी स्वतः उभा राहिलो होतो." मी म्हटले, मग आता माझ्यासाठी पाण्यात उभे राहा, प्रत्यक्ष ताबा दिल्याशिवाय बक्षीस पक्के होत नाही, हे तुम्हीच सांगितलेत.

साक्षीदार: मबरूका (दोरी आत्ताच मागते). हम्मादी (सही केली, तरी श्रद्धांजलीची पत्रिका छापून झाली आहे, असा शेरा मारून).

सही: जलीला बिन्त सालिम
अत्ताया, २१ मार्च २००९

ताबा दिल्याची नोंद, त्याच दिवशी, ओहोटीला: नोटरी विजार गुडघ्यावर दुमडून हजर. मुन्सिफ "थांबा! थांबा!" ओरडत बुटांसकट समुद्रात शिरला आणि कुडाच्या कडेकडेने आला.

"आत्या, इथून बाहेर कुठून पडायचं?"

"बाहेरची वाट नसते. म्हणून तर मासे मिळतात."

लामियाच्या ताब्यात दिले: पाण्याचा तुकडा, कूड, सापळा, आणि सापळ्यातला ऐवज – मासे अकरा, ऑक्टोपस एक, मुन्सिफ एक. ऑक्टोपस तिने लगेच सोडला.