अंधारातला माझा सोलो

मार्च २०२१, शनिवार, पॉइंट कुक

अजून डोकं तापलेलंच आहे. पर्यावरणासाठी आज तासभर दिवे बंद ठेवतात, म्हणून अर्धा कार्यक्रम अंधारात करायचा, हे मलाही पटलं होतं. पण नेमके माझ्याच सोलोला दिवे का मालवले? आमचा क्वायर, म्हणजे गाण्याचा ग्रुप, बसवणाऱ्या हेलनने ऐनवेळी क्रम बदलला. पुण्याहून आई लाइव्ह बघतेय, हे तिला माहीत होतं. कोरोनामुळे देशाबाहेरच्या फ्लाइट्स बंद, दीड वर्ष भेट नाही. आणि आईला दिसलं काय? काळा स्क्रीन!

मी हेलनला तोंडावर विचारलं. म्हणाली, "नो वरीज, रेकॉर्डिंग पाठवते." त्यातही काळा स्क्रीनच ना? यापुढे गाणार नाही, असं सांगून निघाले.

घरी पोचले तर आईचा फोन. "आवाज लगेच ओळखला गं. पण बारीक झालीयेस का, ते काही कळलं नाही."