पावाभोवतीचा कागद

पोर्टॅरिक,
शुक्रवार, सकाळचे दहा

चिरंजीव आर्ची यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. (तू तो पांढऱ्या गळपट्टीचा पेशा पत्करलास त्याला बावीस वर्षं झाली. आशीर्वाद मी द्यायचे की तुझ्याकडून घ्यायचे हे मला अजून उमगलेलं नाही. पण लहानपणी तुझं नाक मी पुसलेलं आहे, तेव्हा मीच देते.) तुझा गुडघा कसा आहे? मोरागचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर तिला म्हणावं डॉक्टर बदल, आणि डॉक्टर बदलून झाला असेल तर घरातली ती कुत्री बाहेर बांध. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. सर्व म्हणजे मी, सासूबाई आणि मांजर. डोडबद्दल पुढे येईलच. पाकिटावर तुझ्या नावाआधी तुझी पदवी घातली नाही याचा राग मानू नकोस. पोस्टातली बाई पत्ते मोठ्याने वाचते, आणि या आठवड्यात तरी तो शब्द माझ्यामुळे गावात उच्चारला जायला नको आहे.

कोणता शब्द ते तुला ठाऊक आहे. तरी मोरागसाठी सांगते, कारण ती नवऱ्याची पत्रं आधी फोडते. आमच्या गावात बोटीवर जाणाऱ्या माणसासमोर चार नावं घ्यायची नसतात. ज्याचं बेकन होतं तो प्राणी. बिळात राहणारा लांब कानांचा. नदीत उलटा चढणारा लाल मासा. आणि रविवारी चर्चमध्ये उंचावर उभं राहून बोलणारा काळ्या कोटातला गृहस्थ, म्हणजे तू. कुणी चुकून बोललंच तर हाताशी असेल त्या लोखंडाला शिवायचं आणि ‘थंड लोखंड’ म्हणायचं. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी डोडचे अकरा नातेवाईक जेवायला बोलावले होते आणि मी भोळेपणाने विचारलं, की त्या पहिल्या प्राण्याचा भाजलेला तुकडा कुणाला वाढू? अकराच्या अकरा पुरुष खुर्च्या पाडून उठले आणि स्वयंपाकघरात घुसले. त्यातल्या एकाने पेटती शेगडी धरली. (ती थंड नव्हती. तो अजून मला रस्त्यात ओळख देत नाही.) मी समुद्र नसलेल्या पर्थच्या शाळामास्तरांची मुलगी, मी तीस वर्षं या सगळ्याला हसत आले. आर्ची, मंगळवारपासून मला हसू येत नाही.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात पर्यटन खात्याचे कुणी मिस्टर पेनिकुक आले. त्यांना प्रत्येक किनारी गावाचं एक पत्रक हवं होतं: इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे. टाइपरायटर आणि रिकामा वेळ दोन्ही असलेली गावात मी एकटीच, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. मी चर्चमधली जुनी दप्तरं उपसली, मासे धुरावर सुकवतात त्या खोपटातल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा उतरवून घेतल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की आमच्या गावाला जो काही इतिहास आहे तो सगळा त्या चार शब्दांनीच भरलेला आहे. बंदर बांधलं कुणी? काळ्या कोटवाल्याने. दगड आणायला पैसा कुठून आला? त्याने आपला पाळलेला कळप विकला, आणि तो कळप मेंढ्यांचा नव्हता. बंदरातून पहिला माल लंडनला गेला तो कोणता? लाल मासा, मिठाच्या पिंपांतून. टेकडीवर बघण्यासारखं काय? चर्च. त्याचा दरवाजा समुद्राकडे पाठ करून आहे, कारण बाहेर पडणारा गृहस्थ खलाशांना दिसू नये. आणि बंदराच्या तोंडाशी तो मोठा खडक, ज्याला गावात सगळे नुसतं ‘तो’ म्हणतात. सरकारी नकाशात त्याचं नाव चारांतलं पहिलंच आहे, हे तू ओळखलंच असशील. वरच्यातून चार शब्द काढले तर गावात उरतं काय? वारा आणि माझ्या सासूबाई.

तरी मी गावाचा मान राखायचा प्रयत्न केला. पहिला मसुदा असा होता: ‘सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका गृहस्थाने काही प्राणी विकून हे बंदर बांधले व एक मासा लंडनला पाठवला.’ मिस्टर पेनिकुक यांनी तो समासात लाल शाईने लिहून परत पाठवला: कोणता गृहस्थ? कोणते प्राणी? मासा एकच कसा? मग मात्र माझं डोकं फिरलं आणि मी सगळं सरळ नावानिशी लिहून टाकलं. पहिल्या प्राण्याचा उल्लेख नऊ वेळा आला. डोडला सांगितलं नाही. छापून आल्यावर बघेल, म्हटलं, आणि बायकोचं नाव छापलेलं बघून विरघळेल.

सोमवारी दुपारी पेटी आली. डोडने झाकण उघडलं, आणि वरच्याच पत्रकावर त्या खडकाचं चित्र, खाली त्याचं नकाशातलं नाव बोटभर जाड अक्षरांत. त्याने आधी कोळसे घालायचं फावडं धरलं, मग मला म्हणाला, “एफी, हे तू घरात आणलंस? मला उद्या बोटीवर जायचंय आणि तू हे घरात आणलंस?” मी म्हटलं, हा इतिहास आहे. तो म्हणाला, “इतिहास असेल तर मागे राहू दे की, माझ्या उंबऱ्यात कशाला?” (त्यात भर म्हणजे शेवटी मी ‘जॉर्ज मेअर यांचे आभार’ असं छापलं होतं. गावात सव्वीस जॉर्ज मेअर आहेत. टोपणनाव लावल्याशिवाय कुणालाच ओळखता येत नाही, आणि मी ‘डोड बटर’ लिहिलं नाही, कारण ते सरकारी पत्रकात बरं दिसत नाही. पत्रक गावात गेलं की पंचवीस जणांना वाटेल आभार आपले मानलेत. नाराज झाला तो एकटा माझा नवरा.) मी त्याला अडाणी म्हटलं.  तो पेटी उचलून मागच्या खोपीत घेऊन गेला, वर बोटीचा जुना लोखंडी नांगर ठेवला आणि न जेवता झोपला. तीस वर्षांत मी त्याला पुष्कळ काही म्हटलंय, पण तो शब्द कधी म्हटला नव्हता.

मंगळवारी सकाळी मी धुसफुसतच त्याचा पाव आणि चीज बांधलं. पावाचा कागद संपला होता. पेटीत पत्रकांवर टाकलेले चारपाच कोरे कागद सोमवारी झाकण काढल्यापासून ओट्यावर पडून होते, त्यातला एक घेतला, पुडकं बांधलं आणि त्याच्यासमोर आपटलं. तो गेला. मी बश्या विसळल्या. मग ओटा पुसायला म्हणून दुसरा कागद उचलला आणि सहज उलटला. आर्ची, ते कोरे नव्हते. ते छापखान्याचे बिघडलेले कागद होते, एका बाजूने कोरे आणि दुसऱ्या बाजूने तो खडक, नावासकट.

मी एप्रनवर, एका पायात चप्पल अशी धक्क्यापर्यंत धावत गेले. (माझं वजन तुला ठाऊक आहे.) डोडची बोट ‘गुड इंटेंट’ धक्का सोडून बाहेर निघाली होती, डोड मागच्या बाजूला उभा होता, हातात पुडकं. आता बोट निघाली की माघारी बोलावणं हाही अपशकुन, आणि काय झालंय ते सांगायचं तर तो शब्द धक्क्यावर ओरडायला लागणार. मी काय करावं? मी दोन्ही हात हलवले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “पाव खाऊ नकोस! डोड, पाव खाऊ नकोस!” इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू आलं देव जाणे. त्याने नुसता हात वर केला. बोट निघायच्या वेळी मी धक्क्यावर गेले त्याला बारा वर्षं झाली असतील, त्याने तरी काय समजावं. पण धक्क्यावरच्या बायकांना मात्र सगळं स्पष्ट ऐकू आलं.

दुपारपर्यंत गावात पक्कं झालं होतं की डोड बटरच्या बायकोने पावात काहीतरी घातलं आणि ऐनवेळी तिचं मन बदललं. बेकरीत मी शिरले की बोलणं थांबतं. सासूबाई मंगळवारपासून माझ्या हातचं फक्त उकडलेलं अंडं खातात. “तू उकड,” म्हणाल्या, “सोलायचं मी बघते.” आणि मला खरं काय ते सांगताही येत नाही, कारण विषाची बाई म्हणून गाव मला कदाचित दोन वर्षांत माफ करेल, पण तो कागद बोटीवर पाठवणारी म्हणून कधीच करणार नाही.

बोट काल दुपारी यायची होती. आज शुक्रवार. बुधवारपासून ईशान्येचा वारा आहे. इतर दोन्ही बोटी काल परत आल्या. बोटीवरचा रेडिओ डोडने फुटबॉलचा निकाल ऐकून मागेच मुठीने मोडला होता, तेव्हा निरोपही नाही. चार माणसं आहेत बोटीवर. आज सकाळी इंजिनवाल्याची बायको नेल दारात आली, आत येईना. हळूच म्हणाली, “एफी, पावात काय होतं ते मला तरी सांग गं. मी कुणाला नाही सांगणार.” मी म्हटलं, चीज होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि गेली. मला हे सगळं थोतांड वाटतं, आर्ची. वारा छापील कागद वाचत नाही हे मला कळतं. तरी हे पत्र लिहिताना माझा डावा हात शेगडीच्या दांडीवर आहे, अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे.

बाकी विशेष काही नाही. मोरागला आणि कुत्रीला माया. लोभ आहेच, तो आणखी वाढवण्याचं आपलं वय राहिलं नाही.

तुझी बहीण,
एफी

ता. क. (दुपारी एक) पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं तेच राहिलं. येत्या बुधवारी धक्क्यावरच्या, जाळी ठेवायच्या माडीवर जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाचं उद्घाटन तुझ्या हस्ते ठेवलंय, त्याला कृपा करून येऊ नकोस. त्या दिवशी भरती सकाळची आहे, बोटी त्याच वेळी निघतात, आणि मी ठेवलेला प्रमुख पाहुणा काळा कोट घालून धक्क्यावर उभा राहिला तर मला गाव सोडावं लागेल. तुला पडसं झालंय असं मी सगळ्यांना सांगितलंय. तेवढं शिंकत राहा.

ता. क. दुसरं (साडेतीन) वरचं खरं धरू नकोस. ये. बुधवारची वाट बघू नकोस, हे पत्र मिळताच निघ. बोट आली नाही तर नेलसमोर आणि त्या इतर दोघींसमोर कुणाला तरी उभं राहून बोलावं लागेल, आणि ते परक्या माणसाने बोललेलं मला सहन होणार नाही. मी त्याला अडाणी म्हटलं, आर्ची. त्याच्या कानावर गेलेलं माझं शेवटचं बोलणं तेच. कोट कसलाही घाल.

ता. क. तिसरं (सहा वाजता) डुक्कर! डुक्कर, ससा, सामन आणि पाद्री! बोट आली! चौघेही आले! इंजिनाचा पट्टा तुटला, तो जोडून होईपर्यंत लांबच्या खडकांच्या आडोशाला दोन दिवस नांगर टाकून बसले होते, मासळी बेताची, कपडे ओले, आणि नेलच्या नवऱ्याला पडसं झालंय, खरंखुरं. (शेगडीला हात लावून आले. सवय.)

ता. क. चौथं, आणि हे मोरागला वाचू देऊ नकोस. डोड आत आला, बूट काढले, आणि मान खाली घालून म्हणाला, “तुझा पाव मी खाल्ला नाही गं. तू धक्क्यावरून हात करत होतीस ना, मी चक्रावलोच. हात करायला गेलो तो ज्या हातात पुडकं होतं तोच वर गेला. पडलं पाण्यात, तिथेच, त्याच्याजवळ.” म्हणजे त्या खडकाजवळ. तो शब्द बंदराबाहेर गेलाच नाही, आणि मी चार दिवस मेले. मग त्याने विचारलं, “ओरडत काय होतीस? इंजिनात कळलं नाही.” मी म्हटलं, जपून जा म्हणत होते. त्याने बूट पुन्हा घातले. नंतर खोपीत गेला, नांगर बाजूला केला, एक पत्रक घेऊन आला, आणि आता चष्मा लावून टेबलाशी बसून पहिल्यापासून वाचतोय. दर चार ओळींनी शेगडीला हात लावायला उठतो, पण वाचतोय. बुधवारी निघताना मी धक्क्यावर येणार का असं त्याने दोनदा विचारलं. तेव्हा तू बुधवारी ये, वरच्या रस्त्याने ये, जमलं तर तपकिरी कोटात ये. आणि हे पत्र वाचून झाल्याबरोबर जाळून टाक.